महाराष्ट्रातील उच्च किमतीच्या विद्युत मोटारी

महाराष्ट्रातील उच्च किमतीच्या विद्युत मोटारी म्हणजे साधारणतः ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या, केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी. ही मर्यादा २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पामुळे चर्चेत आली.

कर व पथकर

१० मार्च २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अशा मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित केला. २६ मार्च रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा कर न आकारण्याची घोषणा विधान परिषदेत केली. त्यानंतर आलेल्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विद्युत मोटारींना पूर्ण पथकरमाफी देण्यात आली.

लातूर–नांदेड परिसरातील वापर

माफी मिळालेल्या या तीनपैकी एकही मार्ग लातूर वा नांदेड जिल्ह्यातून जात नाही. ही दोन शहरे राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने जोडलेली आहेत. त्यामुळे येथील मालकास करसवलतीचा लाभ मिळतो, पथकरमाफीचा मात्र दूरच्या प्रवासातच.

दैनंदिन वापरात घरचे चार्जिंग महत्त्वाचे ठरते. ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर ८० किलोवॅट-तास क्षमतेची रिकामी बॅटरी पूर्ण भरण्यास ११ ते १२ तास लागतात. शहरातील ४० किलोमीटर फेरीची वीज साधारण तासाभरात भरून निघते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, तेव्हा वातानुकूलन व बॅटरी थंड ठेवण्यासाठी अधिक वीज खर्च होऊन पल्ला घटतो. लांबच्या प्रवासासाठी जलद चार्जिंग केंद्रांची उपलब्धता निर्णायक असून राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर अशी सुविधा उभारण्याचे उद्दिष्ट धोरणात आहे.