रायपूर पोस्टिंग : घट्ट गिअरची गोष्ट

सायकलच्या गिअरला एके काळी बंदी होती असं सांगितलं, की आमच्या लाईनमधली पोरं हसतात. पण खरं आहे ते. 'टूर द फ्रान्स' 1903 साली सुरू झाली. तिचे संयोजक आंरी देग्रांज यांचं मत होतं, की गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत. घाट लागला की स्पर्धक खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चढण चढायचे. साखळी सरकवणाऱ्या गिअरला पूर्ण परवानगी मिळाली 1937 साली, आणि त्या वर्षी रोजे लापेबी तसल्याच सायकलवर जिंकला.

फौजाही मागे होत्या. स्वित्झर्लंडने 1891 साली सायकलस्वार सैनिक उभे केले, ते 2003 पर्यंत टिकले. एवढा डोंगराळ देश, पण त्यांची 1905 सालची सायकल एकाच गिअरची. सात गिअरची सायकल त्यांना मिळाली 1993 सालच्या मॉडेलमध्ये. फौजेला न बिघडणारी वस्तू प्यारी, हे तुम्हाला सांगायला नको.

गिअर ओढते ती केबल जुनी आहे. नळीतून सरकणारी ही तार अर्नेस्ट बाउडेन यांच्या 1896 सालच्या पेटंटमधून जगाला माहीत झाली. बरीच वर्षं गिअरच्या दांड्याला खाचा नव्हत्या. स्वार अंदाजाने दांडा ओढायचा, साखळीची खरखर ऐकून थोडा मागेपुढे करायचा. केबल गंजली तरी हात सांभाळून घ्यायचा. 1984 साली शिमानोने प्रत्येक गिअरला एक टिचकी दिली आणि काही वर्षांत डोंगरी सायकलींवरही तेच आलं. आता एका टिचकीला केबल ठरावीकच मिलिमीटर सरकणार. काम सोपं झालं, पण केबलमधली थोडीशी अडचणही गिअर चुकवू लागली. जुनी माउंटन बाईक घट्ट होते त्याचं मूळ इथं आहे.

आमच्या एका नाईकची मुलगी दहावीला आहे. क्वार्टरपासून शाळा सहा किलोमीटर. थोरल्या भावाची जुनी सायकल दोन उन्हाळे पत्र्याच्या शेडखाली उभी होती. रायपूरचा मे महिना आणि मुरमाची लाल धूळ, वर पावसाळा. शिफ्टर अंगठ्याने दबेना. दुकानदार म्हणाला, सगळा सेट बदला. नाईक म्हणाला, "साहेब, पुढच्या महिन्यात मी फील्डला चाललो. सायकल भंगारात देतो, रिक्षा लावून देतो." रिक्षाचा महिन्याचा खर्च ऐकून मुलगी गप्प झाली. मी तिला म्हटलं, "बाळ, रविवारी सायकल घेऊन ये. हात तुझे चालतील, मी फक्त सांगेन."

तपासण्या तीन. साखळी सगळ्यात लहान चक्रावर आणायची आणि मागच्या गिअरपाशी केबलचा नट सैल करायचा. केबलचं टोक हाताने हलकं ताणून शिफ्टर दाबायचा. तरीही घट्ट, म्हणजे दोष शिफ्टरमध्ये. मग केबल आउटरमध्ये मागेपुढे ओढायची. खरखरली तर दोष तिथं. शेवटी मागचा गिअर हाताने आत ढकलून सोडायचा. स्प्रिंगने तो झटकन परत आला पाहिजे.

इथं दोन दोष निघाले. शिफ्टरच्या आत बारीक खटके असतात, ते स्प्रिंगने दात्यांत पडतात. कारखान्यातलं ग्रीस वर्षानुवर्षांनी मेणासारखं थिजतं आणि खटके हलत नाहीत. शिफ्टर उघडायचा नाही. त्याच्या फटीत डब्ल्यूडी-40सारखा पातळ स्प्रे मारायचा, टिचक्या देत राहायचं, काळं पाणी गळू द्यायचं. तिने चार वेळा केलं तेव्हा पहिली टिचकी वाजली. वाळल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. पुन्हा ग्रीस भरायचं नाही.

दुसरा दोष मागच्या चाकाजवळच्या वळणदार आउटरमध्ये. तिथं पाणी साचून गंज चढला होता, आणि तो तुकडा ब्रेकचा होता. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ताण आला की ती किंचित दबते. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीला समांतर असतात, त्या दबत नाहीत. टिचकीचे गिअर आल्यावरच हा फरक करावा लागला. उलट, गिअरचं आउटर ब्रेकला कधीच लावू नका. जोराने ब्रेक दाबला तर ते फाटू शकतं.

नवी इनर वायर आणि नवं आउटर घातलं. मग तिने केबलचा ताण देणारा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत एकेक गिअर बसवला. खर्च सेटच्या दहाव्या हिश्शाहून कमी. नाईक बाजूला उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "मी नसताना परत अडलं तर?" मुलगीच म्हणाली, "बाबा, आधी नट सैल करायचा."

तो आता फील्डवर आहे, आणि ती सायकलनेच शाळेत जाते. तुमच्याकडेही अशी सायकल पडून असेल तर पावसाळ्याआधी या तीन तपासण्या करून बघा.