कारखान्याआधीचे नियम

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे बोलण्यातील एमआयडीसीने, पुढे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत औद्योगिक वसाहत वाढवली, तेव्हा कारखान्यात संगणकांचे जाळे असते ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे या जुन्या पट्ट्यात जाळे शिरले ते आधीच उभ्या असलेल्या इमारतींतून वाट काढत. खेड तालुक्यातील निघोजेचा क्रम उलटा आहे. चाकण औद्योगिक क्षेत्राच्या विस्तारात या गावाच्या परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये आणि महिंद्राचा २०१० मध्ये सुरू झाला, तोवर जाळ्यातील वाहतुकीचे नियम लिहून होऊन दशक उलटले होते.

हे नियम म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल, अर्थात माहितीचे पॅकेट कोणत्या मार्गाने पुढे धाडावे हे यंत्रांनी आपसांत ठरवण्याची पद्धत. १९८३ च्या बर्कली युनिक्सबरोबर पसरलेला आणि १९८८ मध्ये लेखी स्वरूपात आलेला ‘रिप’ हा प्रोटोकॉल वाटेतील टप्पे तेवढे मोजत असे. पंधरा टप्प्यांपलीकडचे ठिकाण तो अगम्य मानी आणि दर ३० सेकंदांनी आपली संपूर्ण यादी शेजाऱ्यांना कळवी. १९८९ मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या आणि एप्रिल १९९८ मध्ये आजचे रूप घेतलेल्या ‘ओएसपीएफ’ने मात्र प्रत्येक राउटरला आपल्या क्षेत्राचा पूर्ण नकाशा दिला, आणि डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने त्यावरून सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढायला लावले.

तोपर्यंत स्विचचे काम मर्यादित होते, कारण एकाच स्थानिक जाळ्यातील यंत्रे जोडण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसे आणि दुसऱ्या जाळ्याकडे जाणारे पॅकेट वेगळ्या राउटरकडे सोपवावे लागे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मार्गनिर्णय स्विचमधील चिपच घेऊ लागली आणि राउटिंगची मांडणी स्विचच्या इंटरफेसवर, म्हणजे त्याच्या जोडणीच्या तोंडावर, उतरली. एखाद्या पोर्टलाच आयपी पत्ता देता येऊ लागला, किंवा व्हीलॅन या तार्किकरीत्या विभागलेल्या जाळ्याला आभासी इंटरफेस मिळू लागला. ज्या इंटरफेसपलीकडे केवळ उत्पादनयंत्रे आहेत तो ‘पॅसिव्ह’ ठेवला जातो, म्हणजे त्याच्या जाळ्याची माहिती इतरत्र पोहोचते, पण शेजारी शोधणारे ‘हॅलो’ संदेश त्यावरून बाहेर पडत नाहीत. दोन स्विचमधील दुव्यावर मात्र हे संदेश सामान्यतः दर १० सेकंदांनी जातात आणि ४० सेकंद शांतता राहिली तर शेजारी बंद पडला असे धरले जाते. दोन्ही टोकांना हे आकडे जुळले नाहीत तर शेजारसंबंधच जमत नाही.

औद्योगिक इतिहासलेखनात जमीन, कामगार आणि यंत्रे यांची नोंद होते, अशा आकड्यांची होत नाही, आणि हे दुर्लक्ष समजण्याजोगे असले तरी त्यात एका काळाची समजूत हरवते. ओएसपीएफमध्ये दुव्याचा खर्च काढताना अनेक उत्पादकांनी सेकंदाला १०० मेगाबिट हा वेग एकक मानला, कारण हे एकक ठरले तेव्हा तोच वेगाचा कळस वाटत होता. निघोजेत कारखाने आले तेव्हा गिगाबिट दुवे सर्रास होते. तरीही मूळ आकडा तसाच राहिला तर १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही दुव्यांचा खर्च १ च भरतो आणि वेगवान मार्गाला प्राधान्य मिळत नाही, म्हणून संपूर्ण क्षेत्रातील प्रत्येक यंत्रावर तो एकसारखा बदलावा लागतो.