खुर्ची सोडून गावात गेलेले दंतवैद्य

"डॉक्टरसाहेब, भाजी तिखट लागते अन् तोंडबी उघडत नाही." रिसोडमध्ये अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते. खिशात बहुतेक वेळा खर्ऱ्याची पुडी असते. या आजाराचे नाव सबम्युकस फायब्रोसिस. मुख्य कारण सुपारी. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि खर्ऱ्यात तर तंबाखूही असते.

तुम्हाला वाटेल, हे दंतवैद्याचे काम. पण भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात काढले, आणि पुढेही ही महाविद्यालये मोठ्या शहरांतच वाढली. पेशंटने दात दुखल्यावर तिथे जायचे, ही रीत पडली. सुरुवातीचा पांढरा चट्टा तर दुखतच नाही!

ही रीत मोडली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतवैद्यांनी. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या गटाने खेड्यांत जाऊन लोकांची तोंडे तपासली. एकट्या महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तपासणी 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर केरळ, आंध्र आणि गुजरातमध्ये सुमारे 36,000 तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना त्यांनी तपासले आणि सोडण्याबद्दल समजावलेही. ज्यांनी सोडली किंवा कमी केली, त्यांच्यात कॅन्सरपूर्व चट्टे कमी होत गेले. म्हणजे दंतवैद्याचे बोलणे हाही उपचारच ठरला.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात 1969 पासून विद्यार्थी खेड्यात राहून शिकतात. बीडीएसच्या इंटर्नशिपमध्येही आता ग्रामीण भागातले काम असते. त्याने काय फरक पडतो, ते मी एका शिबिरात पाहिले. सकाळी एक इंटर्न मुलगी एका काकांवर चिडली, "खाताच कशाला हे?" काका शांतपणे म्हणाले, "सोयाबीन सोंगायला पहाटे जातो पोरी. भूक मारायला खातो." ती गप्प झाली. दुपारी तिचा पहिला प्रश्न बदलला होता: "काका, दिवसातला पहिला खर्रा कधी खाता?" रांगेतले लोक मग खरे सांगू लागले. हे तिला पुस्तकातून कळले नसते.

गावात असे शिबिर आले, तर दात दुखत नसला तरी जा. आज घरी आरशासमोर तोंड उघडून आपली तीन बोटे उभी आत जातात का, तेवढे बघा. जात नसतील, तर शिबिराची वाट पाहू नका.