वणव्यावरचा पहारा : बालाघाटच्या वनेतिहासाचे एक पान

किल्ल्याचा इतिहास आपण त्याच्या बुरुजांवरून वाचतो. अरण्यालाही बुरूज असतात. परंतु वनखात्याच्या टेहळणी मनोऱ्यांची दखल इतिहासग्रंथ क्वचितच घेतात. या बुरुजाचा शत्रू म्हणजे वणवा. हा शत्रू कोणी ठरविला आणि त्याच्याशी प्रत्यक्ष झुंजले कोण, हे दोन प्रश्न या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने आपणांसमोर ठेवावेत, असे मला वाटते.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि १८६७ मध्ये भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा निर्माण झाला. याच दशकात सरकारला वनांचे मोल कळू लागले. लोहमार्गांना स्लीपर हवे होते आणि ते साल-सागाच्या लाकडातून मिळत. त्यामुळे तोवर उन्हाळ्यातील नित्याची गोष्ट असलेला वणवा सरकारी संपत्तीचा वैरी ठरला. कर्नल पीअर्सन यांनी १८६४ च्या सुमारास सातपुड्यातील बोरीचे जंगल आगीपासून राखून दाखविले. हे अशक्य आहे, असे म्हणणारे अधिकारी त्या काळी थोडे नव्हते. पुढे बोरीचाच कित्ता देशभर गिरविला गेला.

या पहाऱ्याची रीत साधी, पण कष्टाची होती. उन्हाळ्यापूर्वी जंगलात पट्टे साफ करून त्यांवरील गवत जाळून टाकावयाचे. यांनाच जाळरेषा म्हणतात. मग फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत उंचावरून धुरावर नजर ठेवावयाची. दोन उंच ठिकाणांहून धुराची दिशा कळली, की त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे आग, हे त्यामागील गणित. अमेरिकेत १९१० च्या भीषण वणव्यात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि त्यानंतर तेथे असे मनोरे झपाट्याने उभे राहिले. आपल्या मैकल पर्वतरांगेत निसर्गानेच मनोरे बांधून ठेविले आहेत. डोंगरमाथ्यावरील सपाट पठारांना तेथे ‘दादर’ म्हणतात. मराठीत दादर म्हणजे जिना. तेथे तो शब्द माथ्याचाच वाचक आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानातील बम्हनी दादरच्या कडेवर उभे राहिले, की खालचे अरण्य एका दृष्टिक्षेपात येते आणि पहाऱ्याला उंची का हवी, हे निराळे सांगावे लागत नाही.

मात्र तेथून दिसणारा प्रत्येक धूर शत्रूचा नव्हता. बैगा लोकांची ‘बेवर’ शेती आगीवरच उभी होती. झाडे तोडून वाळवावयाची, पावसाआधी जाळावयाची आणि राखेत कोदो-कुटकी पेरावयाची. नांगराने धरणीमातेचे अंग फाडणे त्यांना पाप वाटे. सरकारने बेवर आटोक्यात आणली आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ आखून तेवढ्यापुरती तिला मुभा ठेविली. या घडामोडींची व्यथा व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ‘द बैगा’ या ग्रंथात मांडली. दैवदुर्विलास असा, की ज्या वनवासींवर आग लावल्याचा ठपका येई, त्यांच्याच वस्त्यांतून जाळरेषा साफ करणारे व आग विझविणारे हात मिळत.

शास्त्रालाही पुढे आपले मत तपासावे लागले. बंगाल-आसामच्या ओल्या सालवनांत आग कसोशीने रोखल्यावर सालाची नवी रोपेच उगवेनात. तेव्हा वनाधिकाऱ्यांना नियंत्रित आग पुन्हा वापरावी लागली. याचा अर्थ वणवा हितकारक, असा मुळीच नव्हे. कोरड्या जंगलात वरचेवर लागणारी आग कोवळी रोपे व मातीचा कस दोन्ही नष्ट करते. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवावा आणि ठिणगी दूर जावी, हेही घडतेच. केव्हा, कोठे आणि किती, हा विवेक महत्त्वाचा.

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देत आहे. मनोऱ्याचे काम आकाशात गेले. तथापि हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणारा माणूस भूमीवरच राहिला. बोरीच्या इतिहासात पीअर्सन यांचे नाव आहे आणि ते असावेच. परंतु भर उन्हाळ्यात जाळरेषेवर उभ्या राहिलेल्यांची नावे कोणत्याही पानावर नाहीत. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या गावांत अशी वृद्ध माणसे असतील. त्यांच्या आठवणी टिपून ठेवा. कागदपत्रांत नसलेला इतिहास त्यांच्यापाशीच आहे.