देवीच्या लशीची वाटचाल

इंग्लंडहून समुद्रमार्गे धाडलेली गोस्तनदेवीची लस कित्येक महिन्यांच्या प्रवासात निःसत्त्व होऊन जाई, म्हणून व्हिएन्नातील वैद्य ज्याँ द कारो यांनी लस काचांच्या तुकड्यांत बंद करून, वर मेणाचे लेप चढवून, ती खुष्कीच्या वाटेने बगदादकडे रवाना केली. तेथून बसऱ्यापर्यंत ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जिवंत राखली गेली, आणि जहाजाने मुंबईस आल्यावर १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लागू पडली. तिच्या फोडातील द्रवावरच पुढे पुणे, सुरत व मद्रासकडील लसीकरण उभे राहिले. कंपनी सरकारच्या दप्तरांत गोऱ्या डॉक्टरांची वाखाणणी यथास्थित आढळते. ज्यांच्या देहांची साखळी करून हे औषध आले, ती लेकरे मात्र बहुतांशी अनामिक राहिली, आणि हा अन्याय मला क्षुल्लक वाटत नाही.

पुढे दीडशे वर्षांनी सोव्हिएत रशियाने दान दिलेली शुष्क लस उष्णतेतही टिकू लागली. १९७४ साली बिहारात साथीने थैमान घातले असता जागतिक आरोग्य संघटनेचे परदेशी वैद्य व आपले आरोग्यसेवक दुतोंडी सुई घेऊन घरोघर फिरत. रोगी कळविणाऱ्यास रोख बक्षीस मिळे, आणि एका थेंबात बुडविलेल्या सुईचे पंधरा टोचे दंडावर पडत.