खोबणीतली तीन अक्षरं

मोटारीत दोष निघाला तर तिचा मालक शोधता येतो, कारण त्याचं नाव आरटीओच्या दप्तरात असतं. चार्जरचं तसं नाही. तो फोनच्या खोक्यातून घरात येतो, भावाकडून बहिणीकडे जातो, फोन विकला तरी कपाटात उरतो आणि पुढच्या परदेशवारीत कुणाच्या तरी बॅगेत जाऊन बसतो. म्हणून चार्जर आणि प्रवासी अ‍ॅडॅप्टर परत मागवण्याचा, म्हणजे ‘रिकॉल’चा, इतिहास नुसत्या तांत्रिक दोषांचा मानला तर त्यातलं महत्त्वाचं निसटतं. दोष सापडणं हे काम अर्धंच. सदोष नग कुणाच्या घरात आहे हे कळणं हे उरलेलं अर्धं, आणि ही व्यवस्था आजवर तिथेच लंगडी पडली आहे.

या दोषांचं मूळ बरंचसं प्लगांच्या विविधतेत आहे. ब्रिटनच्या 1934 च्या मानकातला तीन गोल पिनांचा प्लग भारताने थोडाफार बदलून आजही ठेवला आहे. ब्रिटनने स्वतः मात्र 1947 च्या मानकाने चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. युरोप, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांचे प्रकार आणखी वेगळे. त्यावर उपाय म्हणून चार्जरचं मुख्य अंग एकच ठेवून देशानुसार पिनांचा तुकडा बदलायची सोय आली. सोय खरीच, पण दोषही नेमके त्या तुकड्यात निघाले. अ‍ॅपलने 2003 ते 2015 या काळात विकलेले दोन पिनांचे तुकडे जानेवारी 2016 मध्ये परत मागवले. ते मॅक आणि आयफोन-आयपॅडच्या चार्जरसोबत तर होतेच, शिवाय प्रवाशांसाठीच्या ‘वर्ल्ड ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टर किट’मध्येही होते. तुकडा मोडला तर विजेचा भाग उघडा पडून हाताला शॉक बसू शकत होता. ब्रिटन, सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये चालणाऱ्या तीन पिनांच्या तुकड्यांची पाळी एप्रिल 2019 मध्ये आली. त्यांची विक्री 2003 ते 2010 मधली, म्हणजे सर्वांत जुना नग तोवर सोळा वर्षांचा झाला होता. इतक्या वर्षांनी पावती कुणाकडे असणार?

पावती नसली की भिस्त राहते ती वस्तूवरच्या खुणेवर, आणि या खुणांची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सप्टेंबर 2008 मध्ये आयफोन 3जीच्या छोट्या चार्जरच्या पिना तुटून सॉकेटमध्येच अडकू शकतात असं आढळलं, तेव्हा सुरक्षित नगावर हिरवा ठिपका दिला गेला. 2014 मध्ये अ‍ॅपलचा जास्त तापणारा युरोपीय चार्जर ओळखायचा तर ‘सीई’ ही अक्षरं भरीव आहेत की नुसत्या रेषांची, हे पाहावं लागे. भरीव असतील तर धोका. 2016 मध्ये खूण तुकड्याच्या आतल्या खोबणीत होती: तिथे प्रदेशाची तीन अक्षरं असतील तर नग नवा, चार-पाच अक्षरं असतील किंवा काहीच नसेल तर जुना. नोकियाने 2009 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख चार्जर बदलून द्यायचं जाहीर केलं, कारण त्यांचं प्लास्टिकचं आवरण निघून आतले भाग उघडे पडू शकत होते. तिथे प्रकार आणि उत्पादनाची तारीख पाहायची होती. या सगळ्या खुणा कंपनीच्या माणसाला कळतील अशा आहेत. चष्मा लावून चार्जर वाचणाऱ्या आजोबांचा विचार त्यात झालेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की 2016 च्या वेळी जगभरातून अवघ्या 12 आणि 2019 च्या वेळी 6 घटना नोंदल्या गेल्या होत्या. कोट्यवधी नगांपुढे या संख्येचा एवढा बाऊ कशाला? पण हा आकडा नोंदलेल्या घटनांचा आहे. चार्जर मोडला की बहुतेक लोक तो फेकून नवा घेतात, कळवत बसत नाहीत. शिवाय प्लग ओढताना तुकडा मोडला तर सावध व्हायला क्षणही मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरा धोका नकली मालाचा. ते नाकारता येणार नाही. अमेरिकेतल्या यूएल संस्थेने 2016 मध्ये अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे 400 नकली चार्जर तपासले, त्यांतले 397 मूलभूत चाचणीत नापास झाले. पण नकली माल परत मागवणार कोण? त्याला कर्ताच नाही. ज्याला कर्ता आहे तो माल तरी ओळखता यावा, ही मागणी त्यामुळे ढिली पडत नाही, उलट आवळते.

भारताने याची चुणूक 2007 मध्ये पाहिली आहे. नोकियाच्या बीएल-5सी बॅटरीबद्दल (जगभरात 4 कोटी 60 लाख) इशारा आला आणि आपल्या शहरांतल्या सेवा केंद्रांवर गर्दी उसळली. आपली बॅटरी त्यांतली आहे की नाही हे ठरायचं ते तिच्यावरच्या 26 अक्षरी क्रमांकावरून. तेव्हा धोकादायक माल बाजारातून काढायचा आदेश ग्राहक मंच देऊ शकत होता, पण तो तक्रार आल्यावर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला असा माल परत मागवायचा अधिकार दिला, आणि 2020 पासून ते प्राधिकरण कामही करतं. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असणंही सक्तीचं आहे. तो क्रमांक उत्पादक सांगतो, पण दोष बहुधा एखाद्या काळातल्या मालात असतो. म्हणून उत्पादनाचा महिना-वर्ष ठळक अक्षरांत छापणं बंधनकारक करावं आणि परत मागवलेल्या मालाची यादी मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत एका ठिकाणी ठेवावी. हा खर्च फार नाही.

तोवर लंडन, सिंगापूर, मेलबर्नहून नातेवाइकांनी आणलेले अ‍ॅपलचे पांढरे प्लग घरात असतील, तर त्यांच्या पिनांचा तुकडा मुख्य चार्जरपासून सरकवून काढा आणि आतली खोबण बघा. दोन पिनांच्या तुकड्यात तीन अक्षरं हवीत. तीन पिनांच्या तुकड्याचा आतला भाग करडा हवा. तसं नसेल, तर तो वापरू नका.