निशाणी अंगठा

जुन्या मराठी खरेदीखतांची व महजरांची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना ‘निशाणी नांगर’ हे शब्द परिचयाचे असतील. कुणब्याला अक्षरओळख नसे. तेव्हा त्याच्या नावापुढे नांगराची आकृती काढली जाई आणि तीच त्याची सही मानली जाई. पुढे इंग्रजी अमदानीत हा नांगर मागे पडला व त्याच्या जागी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आला. वरवर पाहता हा फरक केवळ दप्तरी आहे. तथापि नांगर माणसाचा वर्ग सांगतो, तो माणूस नेमका कोण हे सांगत नाही. उलट अंगठा माणूस कोण एवढेच सांगतो, त्याची जात, धंदा वा नीती यांविषयी मौन पाळतो. गुन्हा आणि न्याय यांचे शास्त्र देशोदेशी कसे पसरले याचा शोध घेऊ लागलो की हा भेद आपल्यापुढे वारंवार उभा राहतो.

विलायतेत शास्त्रे निर्माण झाली व तेथून ती आपल्याकडे आली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ठशांच्या शास्त्राने मात्र उलटा प्रवास केला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाचा करार लिहून घेतला आणि कागदावर त्याच्या पंजाचा छाप उमटवून घेतला. उद्या याने सही नाकारू नये, एवढाच त्यात हेतू होता. पुढे १८७७ साली हुगळीस असताना त्याने निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी व तुरुंग या तिन्ही ठिकाणी ठशांचा उपयोग सुरू केला. मृत पेन्शनराच्या नावे दुसऱ्यानेच पैसे उचलावेत, हा प्रकार आपल्या खात्यांना नवा नाही आणि हर्शेललाही तो नवा नव्हता.

त्यानंतर हा विचार एकाच वेळी अनेक दिशांनी वाहू लागला. तोकियोत राहणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने १८८० साली ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे प्रसिद्ध केले. १८९२ साली अर्जेंटिनात हुआन वुचेतिच या क्रोएशियात जन्मलेल्या पोलीस कर्मचाऱ्याच्या पद्धतीने, दारावरील रक्ताळलेल्या ठशावरून, एका दुहेरी खुनाचा छडा लागला. त्याच वर्षी लंडनला फ्रान्सिस गॉल्टन यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. गॉल्टन यांना वंशशास्त्राचा ध्यास होता. बोटांच्या रेषांवरून माणसाचा वंश कळेल अशी त्यांना मोठी आशा होती. परंतु कोणत्याही वंशाची म्हणून खास अशी रेषा सापडत नाही, हे त्यांना स्वतःच नमूद करावे लागले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची निराशा होय. अंगठ्याने नांगर होण्यास नकार दिला होता.

ठसे घेणे सोपे होते, पण हजारो ठशांतून हवा तो शोधणे कठीण होते. त्या काळी बंगालचे पोलीस पॅरिसच्या बेर्तियोंच्या पद्धतीने गुन्हेगारांची डोकी व हात मोजत असत, आणि मापे घेणाऱ्यागणिक बदलत. पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे दोन दुय्यम अंमलदार होते. त्यांच्या परिश्रमातून जी तोड निघाली ती गणिताची होती. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या आणि प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही एवढेच पाहावयाचे. प्रत्येक जोडीच्या चार शक्यता, म्हणून पाच जोड्यांच्या १०२४ शक्यता होतात. तेव्हा बत्तीस ओळी व बत्तीस रकाने यांचे एक कपाट उभे केले की कोणताही कागद आपल्या खणात जाऊन पडतो. १८९७ साली कलकत्त्यात या पद्धतीवर जगातील पहिली ठसे-कचेरी सुरू झाली. पुढे बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळविण्यासाठी एक सांकेतिक लिपीही रचली.

पुढच्याच वर्षी या विद्येची कसोटी लागली. जलपायगुडीकडील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता आणि त्याच्या सामानातील बंगाली पंचांगावर एक तपकिरी ठसा होता. तो पूर्वी चोरीसाठी शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल मात्र सोडले. बोट तेथे पोहोचले होते हे ठशाने सिद्ध झाले होते, त्या हाताने काय केले हे नव्हे. ठशाची मर्यादा इतक्या आरंभीच ओळखणाऱ्या त्या निकालाचे आम्हांस आदरयुक्त आश्चर्य वाटते.

१९०० साली या पद्धतीचे पुस्तक हेन्री यांच्या नावाने निघाले, १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ती सुरू झाली आणि ‘हेन्री पद्धत’ म्हणून जगभर गेली. हक व बोस यांना अनुक्रमे खानबहादूर व रायबहादूर हे किताब आणि बऱ्याच उशिरा प्रत्येकी पाच हजार रुपये मिळाले. आपल्या कर्मचाऱ्यांत हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता, अशी कबुली हेन्रींनी १९२६ साली दिली. तोवर हक निवृत्त होऊन मोतीहारीस राहत होते, आणि १९३५ साली तेथेच वारले. टिपण एकाने लिहावे व सही दुसऱ्याची व्हावी, या रीतीची आम्हां कारकुनांस सवय आहे. पण माणसाची ओळख पटविणारे शास्त्र ज्यांनी रचले, त्यांचीच ओळख दप्तरात हरवावी, हे मनाला लागते.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत पोहोचली, आणि १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने तेथील हिंदी रहिवाशांनी नोंदणीसाठी ठसे द्यावेत असा फतवा काढला. बंगालमध्ये जन्मलेले साधन लंडनमार्गे जाऊन हिंदी माणसावरच उगारले गेले. गांधीजींनी हेन्रींचे पुस्तक वाचले आणि कायद्याने ठसे केवळ गुन्हेगारांचे घेतले जातात, हे त्यातून त्यांच्या ध्यानी आले. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत प्रतिज्ञा झाली व सत्याग्रहाचा जन्म झाला. पुढे १९०८ साली तडजोड झाली तेव्हा गांधीजींनी स्वेच्छेने ठसे दिले, आणि ती तडजोड मोडल्यावर त्याच वर्षी हजारोंनी नोंदणीपत्रांची होळी केली. त्यांचा विरोध शाईला नव्हता. एका समाजालाच गुन्हेगार गृहीत धरण्याला होता.

ते गृहीत आपल्या घरीही नांदत होते. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि १९११ च्या कायद्याने नोंदलेल्यांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार दिला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत हे त्याचेच फळ. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला; पण पारधी वा कैकाडी माणसाला पाहताच पोलिसाच्या मनात उठणारा संशय अद्याप रद्द झालेला नाही.

आज ठसा क्षणार्धात समुद्र ओलांडतो. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे-स्फोटांतील एक ठसा अमेरिकेत तपासला गेला आणि भलताच एक अमेरिकन वकील तुरुंगात गेला. तो ठसा आपल्याला अन्य माणसाचा आढळल्याचे स्पेनच्या पोलिसांनी कळविले तेव्हा त्याची सुटका झाली व सरकारने क्षमा मागितली. मूळची चूक त्याच्या धर्मामुळे झाली नव्हती, पण ती वेळीच तपासली न जाण्यात त्याच्या धर्माचा वाटा असावा, असे नंतरच्या चौकशीत म्हटले गेले. शंभर वर्षांनंतरही अंगठ्यात नांगर पाहण्याचा मोह सुटला नव्हता.

आपल्या देशात २०२२ च्या कायद्याने पोलिसांचा मापे घेण्याचा अधिकार विस्तारला आहे. अनेक सरकारी कचेऱ्यांत आपण स्वतःही सकाळी यंत्रावर बोट टेकवून आत जातो. यंत्र ‘हा कोण’ एवढेच विचारते, आणि तेवढे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. ‘हा कसला’ हा प्रश्न मात्र यंत्रामागे बसलेला माणूस विचारतो. कोनाईच्या पंजापासून आजवर शाई गेली, कपाटे गेली; हा माणूस तेवढा तेथेच बसलेला आहे. आपल्यापैकी अनेकांची खुर्ची त्याच बाजूला आहे, याचा विसर आम्ही पडू देऊ नये.